गोडझऱ्याची खरपुडी

श्रीधरराव डोणगावकर आयुष्यात कधी खोटं बोललेच नाहीत, असं कुणी म्हणणार नाही. गुडघा दुखत नाही म्हणून बायकोला सांगायचे आणि जिना चढताना कठडा धरून उभे राहायचे. पण वाळवलेल्या झाडाखालच्या चिठ्ठीवर त्यांनी कधी खोटं लिहिलं नव्हतं. म्हणून हेमचंद्र त्यांच्या घरी आला आणि चहा अर्धा ठेवून म्हणाला, "सर, ती खरपुडीची नोंद गाळावी म्हणतो," तेव्हा त्यांना आधी नीट ऐकूच आलं नाही.

"काय गाळावी?"

"म्हैसमाळची खरपुडी. तुमची, एक्कावन्न सालची."

हेमचंद्र त्यांचाच विद्यार्थी. सर निवृत्त झाल्यावर कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा विभागप्रमुख झाला होता. जिल्ह्यात कुठल्या डोंगरावर, कुठल्या नाल्यात कोणतं झाड उगवतं, त्याचं एक जाड इंग्रजी पुस्तक तो तयार करत होता. त्या पुस्तकाचा एक नियम होता. ज्या झाडाचा वाळवलेला नमुना कॉलेजच्या हर्बेरियममध्ये आहे, तेच झाड पुस्तकात. नमुना जाड कागदावर टाचलेला, खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: कुठं मिळालं, कधी मिळालं, कुणी आणलं, तिथले लोक त्याला काय म्हणतात. चिठ्ठी खरी तर झाड खरं. चिठ्ठीवर संशय आला की झाड गेलं.

खरपुडी ही रुईच्या कुळातली रानवेल. पावसाळ्यात कातळाच्या फटीतून वर येते, भाद्रपदात फुलते आणि पाऊस सरला की जमिनीखाली नुसता कांदा उरतो. फूल मोठं मजेशीर असतं, छोट्या कंदिलासारखं. माशी आत शिरली की आतले केस तिला लवकर बाहेर पडू देत नाहीत. खरपुडीच्या बऱ्याच जाती आहेत. सरांना मिळालेली जात महाबळेश्वराकडच्या डोंगरात सापडते. आपल्या मराठवाड्यातून तिची एकच नोंद होती आणि ती सरांची.

"का गाळायची?" सरांनी विचारलं.

हेमचंद्र खाली बघून बोलला. "चिठ्ठीवर तुम्ही लिहिलंय गोडझरा, बोरदरी वस्तीच्या वर. पश्चिमेकडं तोंड असलेला काळा कातळ. आपल्या हर्बेरियमच्या दमयंतीबाई दर पावसाळ्यात तिथं जातात सर. गोडझरा आहे, पण तो पूर्वेला. कातळ नाही. गुरं बसतात तिथं, गवतसुद्धा धड उरत नाही. आणि त्याच महिन्यात तुम्ही मुलांना घेऊन महाबळेश्वरला गेला होता. तिथूनही हीच खरपुडी आणली होती. दोन्ही गठ्ठे इथंच वाळत होते. पुण्याच्या तज्ज्ञांनी मजकूर तपासला. त्यांचं म्हणणं, कागदांची अदलाबदल झाली असणार."

"म्हणजे मी महाबळेश्वरचं झाड म्हैसमाळचं म्हणून लावलं."

"मुद्दाम कोण म्हणतंय सर? पण ही एक नोंद संशयाची राहिली, तर तुमच्या बाकी सगळ्या नोंदींकडं लोक तसंच बघतील. सोमवारी मजकूर छापखान्यात जातोय. तोवर सांगा."

तो गेला. त्याचा उरलेला चहा गार झाला.

श्रीधररावांचे वडील निजामाच्या दफ्तरात कारकून. श्रीधरराव हैदराबादेत उर्दूतून शिकले. झाडंझुडपं त्यांना आधी 'नबातात' म्हणूनच माहीत झाली. पोलीस ॲक्शननंतर ते औरंगाबादच्या कॉलेजात लागले. तिथं सगळे चिठ्ठ्या इंग्रजीत लिहायचे. यांनी मात्र गावाचं नाव, झाडाचं नाव मराठीत लिहायला सुरुवात केली. मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, "माणूस जे सांगेल ते, जसं सांगेल तसं लिहा. तुमचं शहाणपण त्यात घालू नका." पोरं मागून त्यांची नक्कल करायची, पण लिहायची तसंच.

आता त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांचाच स्वतःवरचा भरवसा डळमळला. त्या वर्षी पाऊस फार होता. टिपकागद ओले व्हायचे. कॉलेजच्या व्हरांड्यात शेगडी पेटवून त्यावर कागद शेकायचे. दोन गठ्ठे शेजारी शेजारी होते, हे खरंच होतं. एक कागद इकडचा तिकडं गेला नसेल, असं छातीवर हात ठेवून कोण सांगणार? डोंगरावरची ती चढण त्यांना आठवत होती. वाट दाखवत पुढं चालणारी वस्तीवरची एक लहानशी सून आठवत होती. पण कातळ आठवतोय तो तिथलाच, की महाबळेश्वरचा?

सकाळी ते कॉलेजात गेले. हर्बेरियमच्या कपाटांना डांबरगोळ्यांचा वास होता. तो वास आला की त्यांना बरं वाटायचं. त्या दिवशी वाटलं नाही. दमयंतीबाईंनी तो कागद काढून टेबलावर ठेवला. दमयंती कुलकर्णी हर्बेरियम सांभाळायच्या. पस्तिशीच्या आसपास वय, बोलणं थेट.

"सर, मला विचाराल तर हा म्हैसमाळचाच आहे," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"तुम्ही कांद्याला चिकटलेली माती तशीच ठेवलीय. महाबळेश्वरची माती तांबडी असते. ही काळपट आहे."

"कांदा शेगडीवर शेकला की काळपटच दिसतो बाई."

दमयंतीबाईंनी कागद परत कपाटात ठेवला. मग म्हणाल्या, "मी इतक्यांदा गेले, पण तुम्ही एकदाही बरोबर आला नाहीत. उद्या रविवार आहे. चला."

"गुडघा."

"गुडघ्याला एसटीत बसायला काय होतंय?"

रविवारी ते खुलताबादच्या एसटीत बसले. तिथून पुढं एका दुधाच्या गाडीनं त्यांना बोरदरीच्या फाट्यावर सोडलं. उरलेली वाट सर काठी टेकत चालले. उघडीप होती, पण डोंगराच्या माथ्यावर ढग टेकलेले होते.

"तेव्हा इथं मला कडूबा म्हणून एक जण फिरवायचा," सर म्हणाले. "चांगला हुशार गडी. आहे की गेला, कुणास ठाऊक."

कडूबा होता. गावात नव्हता, शेतातल्या घरी राहायला गेला होता, म्हणून दमयंतीबाईंची त्याची कधी गाठ पडली नव्हती. अंगणात बाजेवर बसून तो दोर वळत होता. सरांना बघून त्यानं आधी डोळे बारीक केले, मग दोर टाकला आणि उठला.

"मास्तर! तुम्ही? आवं, झाडपाला गोळा करायचं सोडलं न्हाय अजून?"

"तू ओळखलंस की."

"न वळखायला काय झालं? समदा डोंगर पालथा घालून एका पाटीत पाला नेणारा मानूस मी दुसरा बघितलाच न्हाय. आमच्या शेळीचा घास पळवला व्हता तुम्ही."

सर हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असावेत, असं दमयंतीबाईंना वाटलं. मग त्यांनी कडूबाला गोडझऱ्याचं विचारलं.

"गोडझरा? त्यो काय, पूर्वेला. घटकाभराची वाट हाय. चला, मी येतो."

तिघं गेले. वाटेत सरांनी त्याला त्या दिवसाची आठवण करून दिली. कडूबाला हिवताप चढलेला होता. गोधडीतूनच तो म्हणाला होता, मास्तरला मंडळी घेऊन जाईल. तेव्हा त्याची नवी बायको कडेवर लहान नणंद घेऊन पुढं चालली होती. सर मागं. तिनं डोक्यावरचा पदर एकदाही खाली पडू दिला नव्हता आणि चढताना मागं वळूनही बघितलं नव्हतं.

गोडझरा आला. दगडांच्या मधून पाणी येत होतं, भोवती गुरांच्या खुरांनी चिखल झालेला. दोन म्हशी बसलेल्या होत्या. सर ओंजळ भरून पाणी प्याले. खरंच गोड होतं. मग त्यांनी काठीवर भार देऊन चहूकडं बघितलं. काळा कातळ नव्हता. पश्चिमेला तर डोंगराची पाठ होती. इथं आपण कधी आलो होतो, असं त्यांना मुळीच वाटेना.

"मी इथं आलोच नव्हतो," ते हळूच म्हणाले.

कडूबा पुढं निघाला होता. दमयंतीबाईंनी ते ऐकलं.

"दुसरी एखादी जागा असेल सर."

"चिठ्ठीवर काय लिहिलंय? गोडझरा. माझ्या हातचं आहे. आणि गोडझरा हा इथं आहे. म्हणजे हेमचंद्र म्हणतो ते बरोबर. कागद बदलला." त्यांनी काठी उचलली. "उद्या त्याला सांगतो, गाळ म्हणून. सगळ्यांच्या आधी मीच सांगितलेलं बरं."

परत येताना ते दर दहा पावलांवर काठी टेकून थांबत होते. गुडघा सुजला होता. अंगणात पोचले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. कडूबाची बायको लक्ष्मीबाई आता घरधनीण झालेली. सुनेला, साळूबाईला, चुलीपुढं बसवून ती बाहेर आली. डोक्यावरचा पदर तेव्हासारखाच.

"मास्तरचा पाय पार फुगला की," ती म्हणाली. "इतकं चालवतेत व्हय म्हाताऱ्या मानसाला?"

"म्हातारा कुनाला म्हनतीस?" कडूबा म्हणाला. "माझ्यावडाच हाय त्यो."

"तेच म्हनते मी."

तिनं आत जाऊन पितळी पेला भरून काढा आणला. गुळवेल, सुंठ आणि आणखी काय काय उकळलेलं. वर वाफ येत होती.

"घ्या मास्तर. सुजंवर चांगला असतो. लई गोड हाय, एका दमात प्या, तोंडात घोळवू नका."

सरांनी विश्वासानं मोठा घोट घेतला. पुढच्या क्षणी त्यांचे डोळे मिटले, मान गदगदा हलली आणि निम्मा घोट अंगणात गेला. काढा इतका कडू होता की जीभच बधिर झाली.

"हा गोड?" ते कसेबसे म्हणाले.

आतून साळूबाईच्या हसण्याचा आवाज आला. तोंडाला पदर लावून ती दारात आली. "आत्याबाई गोडच म्हनत्यात त्याला. मास्तर, कारलंबी गोड, लिंबबी गोड. एकदा पाव्हन्याला कारल्याची भाजी वाढून म्हनल्या, गोड झालीया, आनखी घ्या. पाव्हना पुन्यांदा आलाच न्हाय."

"पण का?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"आता का म्हनजे? मामांचं नाव तसलं हाय ना." साळूबाईही तो शब्द बोलली नाही. तिनं सासऱ्याकडं नुसती मान वळवली.

कडूबा मोठ्यानं हसला. "माझं नाव कडूबा. लग्न झाल्यापून आमच्या घरात कडू ह्यो शबुद न्हाय. समदं गोड. लई सुखी मानूस हाय मी."

सरांनी पेला बाजूला ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. दमयंतीबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"वहिनी," सर म्हणाले, "हे तापानं आजारी होते त्या दिवशी तुम्ही मला वर घेऊन गेलात. आठवतं?"

"न आठवायला काय झालं? नणंद कडंवर घेऊन डोंगर चढले मी. तुमी एक एक पानापाशी थांबत व्हता. कंबर मोडली माझी."

"मी तुम्हाला विचारलं, या जागेला काय म्हणतात. तुम्ही काय सांगितलंत?"

"गोडझरा म्हनले."

"आज आम्ही गेलो होतो, तोच का?"

लक्ष्मीबाईनं हात झटकला. "तो न्हाय. तो गावाचा गोडझरा. तुमाला न्येलं तो दुसरा गोडझरा. मावळतीकडचा."

"दोन गोडझरे आहेत?"

"दोन कुठले?" कडूबा मधेच म्हणाला. "गोडझरा एकच. दुसरा तर..." तो थांबला, त्यानं बायकोकडं बघितलं आणि मांडीवर थाप मारली. "आगं, कडूझऱ्यावर न्येलंस का तू मास्तरला?"

"मग कुठं न्यायचं? गोधडीतनं तुमीच म्हनला, जिथं गुरं तोंड लावत न्हाईत तिथं ने, मास्तरला पाला धड लागतो. त्या पान्याला गुरं तरी तोंड लावत्यात व्हय?"

सरांना एकदम आठवलं. झऱ्यावर पोचल्यावर त्यांनी पाण्यापाशी वाकून ओंजळ पुढं केली होती, तेव्हा ती पहिल्यांदा मागं वळली होती. 'पिऊ नका मास्तर, तुमाला सोसायचं न्हाय,' असं म्हणाली होती. शहरातल्या माणसाच्या पोटाची काळजी, असं त्यांना वाटलं होतं. ती खरं तर पाण्याची चव सांगत होती. सांगता येईल तेवढी.

आणि त्यांनी मात्र ती जे बोलली, ते जसंच्या तसं लिहून घेतलं होतं.

"म्हंजे माझ्या नावापायी तुमचं नाव चाललं व्हतं म्हना की," सगळी हकिकत ऐकल्यावर कडूबा म्हणाला.

"तुझ्या नावापायी नाही रे. न घेतलेल्या नावापायी."

लगेच निघायचं ठरलं. कडूबाची बैलगाडी डोंगराच्या पायथ्याशी गेली. पुढं चढण सरळ उभी होती. सर काठी घेऊन उठले, दोन पावलं गेले आणि खाली बसले. गुडघा वाकेना.

"मी जाते सर," दमयंतीबाई म्हणाल्या. "वहिनी बरोबर येतात."

"कांदा उपटू नको," सर म्हणाले. "मी तेव्हा उपटला. आता फक्त वेलीचा तुकडा आण. आणि असेल तर फूल."

"असेल तर," दमयंतीबाई म्हणाल्या आणि लक्ष्मीबाईच्या मागून चढू लागल्या. लक्ष्मीबाई तेव्हासारखीच पुढं होती, मागं न बघता.

दोघे म्हातारे दगडावर बसले. कडूबानं तंबाखू मळली, सरांपुढं धरली. सरांनी नको म्हटलं.

"न्हाय सापडलं तर?" कडूबानं विचारलं.

"तर उद्या गाळायचं."

"आनि तुमचं?"

"माझं काय? मी निवृत्त माणूस." सर वर बघत होते. झाडीत दोघींची लुगडी मधूनच दिसत होती, मग दिसेनाशी झाली. "बाकीच्या चिठ्ठ्या आहेत ना. त्या वाईट नको ठरायला. त्या सगळ्या तुमच्यासारख्यांनी सांगितलेल्या आहेत. कुणी भाकरी बाजूला ठेवून सांगितलं, कुणी नांगर थांबवून सांगितलं."

कडूबानं तंबाखू ओठात धरली. ढग थोडे खाली आले. बैल दावणीला असल्यासारखे उभे राहून शेपट्या हलवत होते.

मग वरून दमयंतीबाईंची हाक आली. आधी शब्द कळले नाहीत. दुसऱ्यांदा कळले.

"सर! कातळ आहे! काळा!"

सर उठून उभे राहिले. गुडघ्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. "तोंड कुठंय?" ते ओरडले. आवाज पोचला नाही, म्हणून कडूबा ओरडला, आणि त्याचा आवाज पलीकडच्या डोंगरावर जाऊन परत आला.

"मावळतीला!" हा आवाज लक्ष्मीबाईचा होता.

मग बराच वेळ काही नाही. नुसता कातळ असून चालणार नव्हतं. सर पुन्हा बसले. शेवटी दोघी खाली उतरताना दिसल्या. दमयंतीबाईंचे हात चिखलानं भरले होते, पदर कुठंतरी फाटला होता. त्यांनी पिशवीतून ओल्या रुमालात गुंडाळलेला वेलीचा तुकडा काढला. त्यावर एक फूल होतं. हिरवट, तोंडाशी जांभळं, कंदिलासारखं.

सरांनी खिशातलं भिंग काढलं. फुलाच्या आत बघितलं, पानाची मागची बाजू बघितली. घाई केली नाही. कडूबाही वाकून बघत होता. त्याला काय दिसलं कुणास ठाऊक, पण तो म्हणाला, "हीच."

"तुला काय कळतंय?" लक्ष्मीबाई म्हणाली.

"मास्तरच्या तोंडाकडं बघून कळतंय."

"हीच," सर म्हणाले.

कडूबाच्या घरी परत येऊन त्यांनी दमयंतीबाईंकडं टिपकागद मागितले. बाजेवर स्वतःच्या हातांनी वेल पसरली, पानं एकावर एक येऊ दिली नाहीत. वर साळूबाईनं आणून दिलेला पाटा ठेवला. मग चिठ्ठी लिहायला घेतली. हर्बेरियमची रीत अशी की जुनी चिठ्ठी कधी खोडायची नाही, तिच्यावर काही लिहायचंही नाही. चूक सापडली तर शेजारी नवीन चिठ्ठी चिकटवायची, तारीख घालून. दोन्ही राहतात.

"जागेचं नाव, कडूझरा," सर लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले. "सांगणारी..."

"थांबा मास्तर," लक्ष्मीबाई घाईनं म्हणाली. "माझं नाव घालून त्यापुढं तो शबुद लिवू नका. मी कुठं म्हनले तसं? मी गोडझरा म्हनले."

सरांनी पेन थांबवलं. तिचं म्हणणं बरोबर होतं. माणूस जे सांगेल ते, जसं सांगेल तसं.

"मग काय लिहू?"

"ह्यांचं लिवा. ह्ये म्हनले."

सरांनी लिहिलं: नाव सांगणारा, कडूबा. जागा दाखवणारी, लक्ष्मीबाई. आणि त्याखाली: जागा दाखवणारीने पतीचे नाव तोंडी येऊ नये म्हणून एक्कावन्न साली 'गोडझरा' असे सांगितले होते. जुनी चिठ्ठी त्या अर्थी बरोबर आहे.

वाचून दाखवल्यावर लक्ष्मीबाईनं मान डोलावली. "आता बरं झालं," ती म्हणाली. "साळू, च्या टाक. साखर घाल बरं का. खरी गोड कर."

सोमवारी हेमचंद्रानं नवी चिठ्ठी दोनदा वाचली. आधी हसला, मग गंभीर झाला. नवीन वेल आणि जुनी वेल शेजारी ठेवून त्यानं बराच वेळ बघितलं.

"नोंद राहते सर," तो म्हणाला. "पण हे पतीचं नाव न घेण्याचं इंग्रजीत कसं लिहू?"

"ते तू बघ," सर म्हणाले. "मी मराठीत लिहिलंय."

पुस्तक छापून आलं. खरपुडीच्या पानावर जागा 'कडूझरा' अशी आली आणि तळाला बारीक अक्षरात एक टीप. इंग्रजीत ती जरा लांबली.

पुढच्या भाद्रपदात दमयंतीबाई पुन्हा बोरदरीला गेल्या. लक्ष्मीबाई अंगणात धान पाखडत होती.

"गोडझऱ्यावर जायचं व्हय?" तिनं विचारलं.

"कुठल्या?"

"आता कुठल्या म्हनजे?" लक्ष्मीबाईनं सूप खाली ठेवलं आणि पदर सारखा केला. "मास्तरच्या."